शिरोदीप आणि अक्षरपट

ज्यांची वाचा गेली आहे, परंतु मान वळविण्याची शक्ती शिल्लक आहे, अशा व्यक्तींना डोक्यावर बसविलेला लेसर-दर्शक हे पुष्कळदा अल्पखर्चाचे साधन ठरते. समोर अक्षरांचा पट असतो. प्रकाशाचा ठिपका ज्या अक्षरावर स्थिरावेल ते जवळ बसलेला सोबती मोठ्याने वाचतो. १९९५ साली पक्षाघाताने जखडलेले फ्रेंच संपादक झां-डोमिनिक बोबी ह्यांना दुसऱ्याने म्हटलेल्या अक्षरमालेत योग्य अक्षराची वाट पाहून पापणी मिटावी लागे. दर्शकामुळे ती प्रतीक्षा टळते व अक्षर निवडण्याचा पुढाकार बोलणाऱ्याकडे येतो. असे साधन घेताना मात्र सामान्यतः आधी दिव्याची किंमत पाहिली जाते. वस्तुतः क्रम उलट असावयास हवा : आधी लिपी, मग मान, आणि शेवटी दिवा.

संपूर्ण बाराखडी पटावर मांडावयाची तर ३४ व्यंजने व १२ रूपे मिळून ४०८ घरे होतील. ती निरुपयोगी होत. मात्रांसाठी वेगळी घरे करण्याचेही कारण नाही. स्वराचे घरच मात्रेचे काम करते : आ, ज, ई असे दाखविले की ‘आजी’. जोडाक्षर सोबत्याने जुळवावे. प, उ, स, त, क ह्यांवरून ‘पुस्तक’ कोणीही वाचील. ह्या योजनेत संदिग्धता उरते ती मुख्यतः अकारान्त अक्षरापुढे स्वतंत्र स्वर आला असता. म, ऊ म्हणजे ‘मऊ’ की ‘मू’? असे शब्द मराठीत थोडे आहेत आणि संदर्भ त्यांचा निकाल लावतो. ह्रस्वदीर्घाचा भेद सोडला (शुद्धलेखनाच्या अभिमान्यांनी येथे क्षमा करावी), ङ, ञ, ष आणि ऋ वगळले, तर ३१ व्यंजने, आठ स्वर आणि अनुस्वार अशी ४० घरे पुरतात. ‘होय’, ‘नाही’, ‘चुकले’, ‘शब्द संपला’, ‘थांबा’ इत्यादींसाठी आठ घरे अधिक धरली की आठ स्तंभ व सहा ओळींचा पट तयार होतो.

आता मानेचा विचार. एक मीटर अंतरावर एक अंशाचा फरक म्हणजे सुमारे पावणेदोन सेंटिमीटर. मान दोन्ही बाजूंना एकेक अंश थरथरत असेल, तर ठिपका साडेतीन सेंटिमीटर भरकटतो. म्हणून घर पाच सेंटिमीटरांचे हवे. पटाची रुंदी तेव्हा ४० सेंटिमीटर होते आणि मान प्रत्येक बाजूस सुमारे ११ अंश वळावी लागते. पट दूर नेल्याने काही साधत नाही, कारण थरथरही त्याच प्रमाणात वाढते. किती घरे पेलतील हे मानेचा पल्ला आणि तिची थरथर ह्यांच्या गुणोत्तरावर ठरते. पल्ला अपुरा असेल तेथे आपली वर्णमालाच उपयोगी पडते : आधी वर्ग दाखवावा, मग वर्गातील क्रमांक. ध्वनिशास्त्राने केलेली जुनी मांडणी येथे अक्षरशः हातभार लावते.

घर पाच सेंटिमीटरांचे असेल, तर सुईसारखा तीक्ष्ण ठिपका कशासाठी? दोन-तीन सेंटिमीटरांचे वर्तुळ पाडणारी, भिंग असलेली लहान एलईडी विजेरी पुष्कळांना पुरते, आणि तिचा प्रथम विचार व्हावा. लेसर घ्यावयाचाच, तर एक मिलिवॉटहून कमी शक्तीचा, दुसऱ्या श्रेणीचा. त्या श्रेणीची सुरक्षितता डोळा पाव सेकंदात मिटेल वा वळेल ह्या गृहीतावर उभी आहे. समोरच्या खाटेवरील रुग्णाला पापणी मिटताच येत नसेल, तर ते गृहीत कोसळते. ह्याच कारणाने सोबत्याने पटामागे न बसता बोलणाऱ्याच्या बाजूस बसावे, जरी त्यामुळे समोरासमोर संभाषणाचे सुख काहीसे हरवते. पट चकचकीत नसावा.

हिरव्या किरणाचा मोह स्वाभाविक आहे. ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला ६५० नॅनोमीटरच्या तांबड्याहून सुमारे आठपट उजळ भासतो. परंतु स्वस्त हिरव्या दर्शकांत तो प्रकाश अवरक्त किरणापासून तयार केला जातो आणि गाळणी नसल्यास तो अदृश्य किरणही बाहेर पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापनसंस्थेने २०१३ साली १२२ दर्शकांची तपासणी जाहीर केली, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि तांबड्यांपैकी ४४ टक्के तेथील नियमांत बसले नाहीत. चिठ्ठीवरील आकड्यावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे. ६३५ नॅनोमीटरचा तांबडा किरण तेवढ्याच शक्तीत ६५० च्या सुमारे दुप्पट उजळ दिसतो. थोडे अधिक पैसे त्यासाठी द्यावेत, शक्ती वाढविण्यासाठी नव्हे.

बाजारी दर्शकाची कळ दाबून धरावी लागते. ती चिकटपट्टीने बांधली की दिवा सतत जळतो, बटणासारखे सेल लवकर संपतात, आणि त्याहून मोठा तोटा असा की विसावलेल्या मानेची प्रत्येक हालचाल उच्चार मानली जाते. बोलणाऱ्याला गप्प राहता आले पाहिजे. हाताचे बोट, गुडघा किंवा गाल ह्यांपैकी जे हलते त्याखाली वेगळी कळ व खिशात विद्युत्घट, अशी तारेची जोडणी स्थानिक कारागीर करू शकतो. डोक्यावरचे ओझेही त्याने घटते. चष्म्याच्या काडीपेक्षा कपाळावरचा रुंद पट्टा बरा.

सोबत्याने अक्षर मोठ्याने म्हणावे, पण शब्द पुरा करण्याची घाई करू नये. ‘पाणी’ असे तो म्हणून मोकळा होतो, आणि सांगावयाचे असते ‘पान’. ‘चुकले’ हे घर म्हणून मान सहज वळते त्या बाजूला, पटाच्या मध्यओळीत ठेवावे.