कॉन्सर्टला जाताय? भीतीलाही सोबत घ्या!

तिकीट हातात आहे, आउटफिट ठरलाय, पण मनात कुठेतरी गर्दीची धास्ती आहे. ही धास्ती म्हणजे वेडेपणा नाही. तिचं करायचं काय, एवढंच शिकायला हवं.

तिकीट बुक होतं तेव्हा ग्रुपवर नुसता कल्ला असतो. ऑनलाइन रांगेत आपल्यापुढे हजारो जण, कुणाचं पेमेंट अडकलेलं आणि शेवटी एकदाचं 'मिळालं रे!' मग कॉन्सर्टचा दिवस जवळ येतो आणि फीडवर वेगळंच काहीतरी दिसायला लागतं. कुठल्या तरी शहरातली चेंगराचेंगरी, मोबाइलवर काढलेला हलता व्हिडीओ, खाली शेकडो कमेंट्स. त्यातच घरून विचारणा होते, 'एवढ्या गर्दीत जायलाच हवं का?' आपण 'काही होत नाही गं आई' म्हणून मोकळे होतो. रात्री झोपताना मात्र तोच प्रश्न आपल्या डोक्यात फिरत राहतो.

ग्रुपमध्ये हे बोलायची सोय नसते. बोललं की 'भित्री भागूबाई' हा शिक्का ठरलेला. मग काही जण ऐनवेळी पोटदुखीचं कारण काढून तिकीट दुसऱ्याला देऊन टाकतात. काही जण भीती दाबतात आणि कसलीच तयारी न करता जातात. या दोन्हीपेक्षा बरा तिसरा रस्ता आहे. भीतीला सरळ विचारायचं, बाई गं, तुला नेमकं कशाचं वाटतंय?

भीतीचे कप्पे करा

एक कागद घ्या आणि डोक्यातल्या सगळ्या 'असं झालं तर?' लिहून काढा. हल्ला झाला तर? गर्दीत चिरडले गेले तर? कुणी घाणेरडा स्पर्श केला तर? ग्रुप हरवला, फोन बंद पडला, शेवटची लोकल चुकली तर? आणि सगळ्यांसमोर आपल्यालाच धडधडायला लागलं तर? डोक्यात या सगळ्याचा एकच मोठा गोळा असतो. कागदावर आला की कळतं, हे पाच वेगळे प्रश्न आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना उत्तर आहे.

हल्ल्याच्या बातम्या मनात घर करून बसतात. २२ मे २०१७ ला मँचेस्टरमध्ये अरियाना ग्रांडेच्या शोनंतर झालेल्या स्फोटात २२ जणांचा जीव गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये कटाचा सुगावा लागल्यामुळे टेलर स्विफ्टचे व्हिएन्नातले तिन्ही शो रद्द झाले. अशा वेळी आपल्या हातात थोडंच असतं. बेवारस बॅग दिसली तर सुरक्षारक्षकाला सांगणं, बाहेर पडायचे रस्ते माहीत असणं आणि गरज पडलीच तर ब्रिटिश पोलीस शिकवतात ते तीन शब्द लक्षात ठेवणं: पळा, लपा, कळवा. बाकीचं काम पोलिसांचं. ते आपण रात्रभर जागून होणार नाही.

गर्दीच्या बाबतीत मात्र आपल्या हातात बरंच काही आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादमध्ये दोन शो झाले. लाखो लोक गेले, नाचले, घरी परतले. म्हणजे गर्दी मोठी आहे म्हणून ती धोक्याची, असं सरळ गणित नाही. माणसं किती आहेत यापेक्षा ती किती जागेत आहेत, हे महत्त्वाचं.

कॅरम बोर्डावर किती माणसं?

चेंगराचेंगरी म्हटलं की आपल्याला सैरावैरा पळणारे, एकमेकांना तुडवणारे लोक दिसतात. खरं चित्र अनेकदा वेगळं असतं. ५ नोव्हेंबर २०२१ ला अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ट्रॅव्हिस स्कॉटच्या 'अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड' फेस्टिव्हलमध्ये १० जण गेले. सगळ्यात लहान मुलगा ९ वर्षांचा आणि सगळ्यात मोठी व्यक्ती २७ वर्षांची. सगळ्यांच्या मृत्यूचं कारण एकच निघालं, चारी बाजूंनी आलेल्या दाबाने श्वास कोंडणं. उभ्या उभ्या छाती फुगवायला जागा मिळाली नाही की असं होतं.

फुल साइज कॅरम बोर्डाहून जरासा मोठा चौकोन डोळ्यांसमोर आणा. तो झाला साधारण एक चौरस मीटर. त्यात दोन-तीन जण आरामात नाचतात. पाच जण उभे राहिले की खेटाखेटी सुरू होते. सहा-सात झाले की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. मागून आलेला धक्का लाटेसारखा पुढे सरकतो आणि त्या लाटेत कुणालाच स्वतःचे पाय स्वतःच्या मर्जीने टाकता येत नाहीत. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून ते पुढे सरकतच राहतात. यात कुणी वाईट असायची गरज नसते.

म्हणून आत असताना दर दोन-तीन गाण्यांनी एक चाचणी करा. हात वर करून नाकाला लावता येतोय का? वळून मागे बघता येतंय का? येत असेल तर एन्जॉय करा. दोन्ही बाजूंचे खांदे सतत टेकत असतील आणि तुम्ही न ठरवता हलत असाल, तर आवडतं गाणं सुरू असलं तरी बाजूला निघा. हे निघणं तेव्हाच शक्य असतं. नंतर नसतं.

पाऊस, जिना आणि एकच गेट

कॉलेजवाल्यांसाठी सगळ्यात जवळचं उदाहरण स्टेडियममधलं नाही, कॅम्पसमधलं आहे. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या 'क्युसॅट' विद्यापीठात टेक फेस्ट सुरू होता आणि खुल्या सभागृहात निकिता गांधीचा शो होणार होता. बाहेर मुलं थांबली होती. पाऊस आला, सगळे एकदम गेटमधून आत घुसले आणि गेटला लागूनच असलेल्या उतरत्या पायऱ्यांवर एकमेकांवर पडले. चार जण गेले, त्यात तीन तिथलेच विद्यार्थी होते. गाणं अजून सुरूही झालं नव्हतं.

मुंबईकरांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ, एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल. तिथेही जोराचा पाऊस, भिजायला नको म्हणून जिन्यावर थांबलेले लोक आणि मागून येणाऱ्या लोकलमधून उतरणारी गर्दी. २३ जणांचा जीव गेला. तिथे ना स्टेज होतं ना स्टार. अरुंद वाट होती, जिना होता आणि सगळ्यांना एकाच वेळी एकाच ठिकाणाहून जायचं होतं.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. शो सुरू असताना जेवढं सावध राहायचं, तेवढंच किंवा जास्तच आत शिरताना आणि बाहेर पडताना. गेट उघडल्या उघडल्या धावू नका. पाऊस आला तर भिजा. शो संपल्यावर लोंढ्यात घुसण्यापेक्षा वीस मिनिटं तिथेच गप्पा मारत बसा, नाहीतर शेवटची दोन गाणी सोडून आधी निघा. लोकल पकडायची असेल तर हे आधीच ठरवून ठेवा.

ज्यांना आधी वाटलं, ते बरोबर होते

२९ ऑक्टोबर २०२२ ला सोलच्या इटेवॉन भागात हॅलोविनच्या रात्री एका अरुंद, उताराच्या गल्लीत १५९ जणांचा बळी गेला. घटना रात्री सव्वादहाच्या सुमाराची. पण पोलिसांना पहिला फोन संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनीच आला होता. इथे माणसं चिरडली जातील, असं फोन करणारी व्यक्ती सांगत होती. त्यानंतर आणखी दहा फोन आले. 'अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड'मध्येही काही प्रेक्षक कॅमेऱ्याच्या उंच मचाणावर चढून शो थांबवा म्हणून ओरडत होते. त्यांना खाली उतरायला सांगण्यात आलं.

ज्यांना लवकर भीती वाटली, ते ओव्हररिअ‍ॅक्ट करत नव्हते. त्यांना इतरांआधी दिसलं होतं, एवढंच. म्हणून आपल्याला खटकलं तर बोलायचं. जवळच्या गार्डला, व्हॉलंटिअरला सांगायचं. कुणी ऐकत नसेल तर ११२ लावायचा. आजूबाजूच्यांना घेऊन 'मागे सरका' म्हणायचं. स्टेजवरच्यालाही थांबता येतं. २०२२ मध्ये अटलांटात बिली आयलिशने शो मध्येच थांबवला होता, कारण पुढे उभ्या असलेल्या एका प्रेक्षकाला इनहेलर हवा होता. तो मिळाल्यावरच तिने पुढे गायला सुरुवात केली.

हाच नियम घाणेरड्या स्पर्शालाही लागू आहे. 'गर्दीत चुकून लागलं असेल' हे दुसऱ्याच्या वतीने आपण ठरवायचं नाही. मोठ्याने बोला, ग्रुपला सांगा, जागा बदला, सुरक्षारक्षक किंवा पोलिसांना बोलवा. आणि मुलांनो, मैत्रीण असं काही सांगत असेल तर आधी तिच्यासोबत बाजूला चला. प्रश्न नंतर.

हे करून ठेवा

जाण्याआधी
• शक्य असेल तर बसायच्या जागेचं तिकीट घ्या. स्टँडिंग झोनमध्ये असाल तर स्टेजसमोरचा मधला भाग टाळा, बाजूला किंवा मागे उभे राहा.
• तिकीट अधिकृत अ‍ॅपवरूनच घ्या.
• बंद बूट, पॉवर बँक, घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. फोन हरवला तर आईचा नंबर तरी पाठ आहे का?
• घरी सांगा: कोणासोबत, कसे जाणार, कसे येणार.

पोहोचल्यावर
• आलात त्याशिवायचं दुसरं एक्झिट बघून ठेवा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या एका नाइट क्लबला आग लागली तेव्हा बरेच लोक आत आलेल्या दाराकडेच धावले आणि ते दार तुंबलं. त्या आगीत १०० जण गेले.
• नेटवर्क जाणारच, असं धरून भेटायची जागा आणि वेळ ठरवा.
• पाणी पीत राहा. उपाशी पोटी उभे राहू नका.

गर्दी दाटलीच तर
• दोन्ही हात बॉक्सरसारखे छातीसमोर धरा. त्यामुळे श्वासापुरती जागा राहते.
• लाटेला उलटं ढकलू नका. ती ओसरली की तिरपं सरकत कडेकडे जा.
• भिंत, खांब आणि बॅरिकेडपासून लांब राहा.
• फोन पडला? जाऊ दे. वाकू नका.
• कुणी पडलं तर लगेच उचला. स्वतः पडलात आणि उठता येत नसेल तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या आणि हातांनी डोकं झाका.

छातीत धडधडलं तर

कधीकधी आजूबाजूला भरपूर जागा असते, तरी घाम फुटतो, श्वास लागतो, आता आपण पडणार असं वाटतं. हा पॅनिक अटॅक असू शकतो. तो खूप भीतीदायक वाटतो, पण साधारणपणे काही मिनिटांत टोकाला जाऊन ओसरतो. कडेला या. पाय जमिनीवर घट्ट रोवा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं मनात घ्या. ग्रुपमधल्या एकाला आधीच सांगून ठेवा की 'मी हात घट्ट दाबला तर आपण बाहेर जायचं, कारण विचारायचं नाही.' छातीत दुखणं किंवा श्वास लागणं थांबलंच नाही, तर थेट मेडिकल टेंट गाठा. गर्दीची भीती रोजच्या लोकल प्रवासातही छळत असेल, तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.

आणि सगळं करूनही जावंसं वाटत नसेल तर नका जाऊ. एक शो चुकला म्हणून आयुष्य थांबत नाही. फक्त तो निर्णय रात्री दोन वाजता रील्स बघताना घेऊ नका.

उद्या आपणच आयोजक

आपल्यातले कितीतरी जण आज प्रेक्षक आहेत आणि पुढच्या महिन्यात कॉलेज फेस्टचे व्हॉलंटिअर असतील. गळ्यात आयडी आला की आपलं लक्ष साउंड चेक आणि सेल्फीकडे असतं. त्याऐवजी मीटिंगमध्ये चार प्रश्न विचारा. गेट किती आहेत आणि शोच्या वेळी कुलपं कुणाकडे असतील? पाऊस आला तर बाहेरच्या मुलांना कुठे उभं करायचं? आत किती झाले की प्रवेश थांबवायचा? आणि शो थांबवा, हे कलाकाराला सांगायचा अधिकार कुणाला आहे? उत्तरं मिळाली नाहीत तर परत विचारा.

आणि ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी 'अरे, पण गर्दीचं काय?' असं विचारलं, तर हसू नका. ग्रुपमध्ये एक्झिट बघून ठेवायचं काम त्याच्याकडेच द्या.