शाळेची खोली रिकामी आहे, हे ठरवायचं कुणी?

मैत्रिणींनो, आपल्यातल्या बऱ्याच जणी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. पट घटला की सभेत विषय निघतोच: दोन खोल्या रिकाम्या आहेत, कुणाला वापरायला द्यायच्या का? अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात याच प्रश्नावरून वर्षानुवर्षं वाद चालला आहे. त्यातून आपल्याला घेण्यासारखं बरंच आहे.

तिथे ‘चार्टर शाळा’ असतात. खर्च सरकारचा, मुलांना फी नाही, पण कारभार वेगळ्या मंडळाच्या हातात. अर्ज जास्त आले की प्रवेशासाठी सोडत काढतात. तिथला चार्टर कायदा १९९८ चा. शहरात जागेचं भाडं न परवडणारं. म्हणून मायकेल ब्लूमबर्ग महापौर असताना (२००२ ते २०१३) सरकारी शाळांच्या कमी भरलेल्या इमारतींत या शाळांना जागा दिली गेली. वर्ग वेगळे, मैदान, जेवणाची खोली, वाचनालय मात्र दोघांत एकच.

कल्पना वाईट नव्हती. इमारत लोकांच्याच पैशाची. कुलूप लावून ठेवण्यापेक्षा तिथे मुलं शिकलेली बरी. बिनसलं ते मोजणीत. ज्या खोलीत रोजचा वर्ग भरत नाही ती जास्तीची, असा हिशोब व्हायचा. पण त्याच खोलीत कुठे संगीत शिकवत, कुठे दिव्यांग मुलांचे उपचार चालत. आपल्या घरातली माजघराची खोली पाहुण्याला रिकामीच दिसते, तिथे धान्य असतं हे घरातल्या बाईला ठाऊक, तसंच हे. शिवाय एकाच इमारतीत एका बाजूला नवा रंग, नवं सामान आणि दुसऱ्या बाजूला जुनीच बाकं, हे मुलांच्या डोळ्यांत खुपायचं.

पालकांनी ओरड केली, प्रकरणं कोर्टात गेली. २०१० साली कायदा बदलला. आता कुठली खोली कुणाची, मैदान कुणाला किती वेळ, हे आधी लेखी जाहीर करावं लागतं, सुनावणी घ्यावी लागते. इमारतीतल्या सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांची एक समिती असते. चार्टर शाळेच्या जागेवर पाच हजार डॉलरपेक्षा जास्त सुधारणा केली, तर तेवढाच खर्च इमारतीतल्या सरकारी शाळेवरही करायचा. मला तर हे कलम सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं.

पुढे २०२२ मध्ये आणखी एक कायदा आला: तिसरीपर्यंतच्या वर्गात वीसपेक्षा जास्त मुलं नकोत, हे टप्प्याटप्प्याने करायचं. झालं! वर्ग वाढवायचे तर खोल्या हव्यात. काल जास्तीची वाटलेली खोली आज कमी पडू लागली.

आपल्याकडे चार्टर शाळा नाहीत. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा तीच समिती करते. तेव्हा खोली मागायला कुणीही येवो, अंगणवाडी, खासगी क्लास किंवा आपलाच बचत गट, आधी खोल्यांची यादी करा. कोणत्या खोलीत आठवड्यात काय काय चालतं ते मुलांना आणि बाईंना विचारून लिहा. इमारत जिल्हा परिषदेची असेल तर परवानगी तिथूनच लागेल. आणि ठरावात हे सगळं येऊ द्या: वेळ कोणती, किल्ली कुणाकडे, वीजबिल कोण भरणार, संडास कोण धुणार, आणि पट वाढला तर किती दिवसांत खोली मोकळी करून द्यायची.