चाचणी गावात आली तेव्हा
संसर्गाशी सामना : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की एचआयव्हीची औषधं नियमित घेतली तर रक्तातलं विषाणूंचं प्रमाण इतकं खाली येतं, की नेहमीच्या व्हायरल लोड तपासणीत ते सापडत नाही. ही स्थिती टिकली तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचारांनी लागण रोखता येते, याचा भक्कम पुरावा २०११ साली मिळाला. त्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, आणि पुणे हे त्याचं एक केंद्र होतं. उपचार लवकर सुरू केलेल्या गटात जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी आढळली.

औषध इतकं गुणकारी आहे, तरी साथ आटोक्यात यायला वेळ का लागतो? कारण लागण झाल्याचं ज्याला माहीतच नाही, तो गोळी घेणार कशी? एचआयव्ही शरीरात असूनही माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो. तपासणीला जायचं तर दवाखाना लांब, दिवसाची मजुरी बुडते, आणि त्या खोलीबाहेरच्या बाकावर ओळखीचं कुणी भेटलं तर गावभर चर्चा होईल ही धास्ती वेगळीच. आजारी पडल्यावर येईल तेव्हा तपासू, असं म्हटलं तर तोवर त्याच्या शरीराची हानी झालेली असते आणि संसर्गही पुढे गेलेला असतो.

मग चाचणीच लोकांकडे नेली तर? युगांडा आणि केनियातल्या ३२ ग्रामीण वस्त्यांत २०१३ साली सुरू झालेल्या ‘सर्च’ अभ्यासाने हेच करून पाहिलं. (गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेशी याचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं.) एकेका वस्तीची लोकसंख्या साधारण दहा हजार. काही वस्त्या व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या, मासेमारीवर जगणाऱ्या.

आधी घरोघर फिरून शिरगणती झाली. मग गावातच आरोग्य शिबिर भरलं. तिथे रक्तदाब मोजला जाई, मधुमेह पाहिला जाई, ताप असेल तर मलेरियाची तपासणी होई, आणि त्याच फेरीत एचआयव्हीचीही. बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, एवढीच ही प्राथमिक चाचणी. फक्त नियंत्रणाची रेघ उमटली तर निष्कर्ष निगेटिव्ह. दोन रेघा उमटल्या तर दुसऱ्या किटने खात्री करायची, तोवर कुणाला पॉझिटिव्ह म्हणायचं नाही. रांगेतली आजी बीपीसाठी आली आहे की एचआयव्हीसाठी, हे शेजारणीला कळायला मार्गच नव्हता. सगळ्यांचंच सगळं तपासलं जात होतं, त्यामुळे लाजायचं कारण उरलं नाही.

शिबिराला जे आले नाहीत, त्यांची नावं शिरगणतीच्या यादीवरून काढून कार्यकर्ते त्यांच्या घरी गेले. असं करून सुमारे ८९ टक्के प्रौढांची चाचणी झाली. त्यातल्या पाचांपैकी चौघांची शिबिरात आणि एकाची घरी.

चाचणी करून माणसाला वाऱ्यावर सोडलं तर सगळं फुकट. म्हणून ज्यांना लागण आढळली त्यांची दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांशी ओळख करून दिली, फोन नंबर दिला, पहिल्या भेटीच्या प्रवासखर्चाची सोय केली. निम्म्या, म्हणजे १६ वस्त्यांत तर एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला लगेच उपचार देऊ केले. तीन महिन्यांची औषधं एकदम मिळत, आणि रक्तदाबाचे उपचारही तिथेच होत.

या १६ वस्त्यांत एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी विषाणू नियंत्रणात असलेल्यांचं प्रमाण सुरुवातीला ४२ टक्के होतं. तीन वर्षांत ते ७९ टक्क्यांवर गेलं. तुलनेच्या वस्त्यांत ते ६८ टक्के झालं. नव्या लागणीच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि संशोधकांनी तो निष्कर्ष जसाच्या तसा मांडला. त्यामागची कारणं समजून घ्यायला हवीत. पहिलं शिबिर तुलनेच्या वस्त्यांतही झालं होतं. शिवाय २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांना उपचार देण्याची शिफारस केली आणि दोन्ही देशांनी ती स्वीकारली. दोन्ही गट पुढेच सरकले, त्यामुळे अंतर कमी झालं. संपूर्ण योजना राबवलेल्या वस्त्यांत पहिल्या ते तिसऱ्या वर्षात नवी लागण ३२ टक्क्यांनी घटली. एचआयव्ही असलेल्यांमधले क्षयरोग आणि मृत्यू तिथे कमी होते, रक्तदाबही जास्त आटोक्यात होता. मला यातून एक गोष्ट पक्की वाटते: बाकीच्या आजारांच्या पंगतीत एचआयव्हीला बसवलं, तर लोक येतात.

शिबिराला न येणाऱ्यांत जास्त कोण होते? पुरुष, अविवाहित, आणि कामासाठी गाव सोडून फिरणारे. त्यांच्यापर्यंत पोहोचायला त्यांच्यातलंच माणूस लागतं. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामात १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनीच आपल्या सख्यांना कंडोम आणि माहिती पोहोचवली. ज्या वस्तीत सरकारी माणसाकडे संशयाने पाहिलं जाई, तिथे शेजारणीचा शब्द चालला.

आपल्याकडे आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात चाचणी, आणि एआरटी केंद्रात औषधं मोफत मिळतात. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार देण्याचं धोरण आहे. संमतीशिवाय चाचणी करायची नाही आणि निष्कर्ष गुप्त ठेवायचा, असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. अलीकडेच जोखीम घडली असेल तर आज निगेटिव्ह आलेली चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या, कारण नवी लागण सुरुवातीला चाचणीत दिसत नाही.

गणेशोत्सवात, जत्रेत, कारखान्याच्या हंगामात आपण बीपी-शुगरची शिबिरं भरवतोच. पुढच्या वेळी आयोजकांनी जवळच्या आयसीटीसीला बोलवावं, आणि त्याच टेबलावर, ज्याच्या-त्याच्या संमतीने, एचआयव्हीची चाचणीही ठेवावी. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत हा विषय काढा.

(पुढील लेखांकात : आईकडून बाळाला होणारी लागण कशी टाळता येते?)