दाब कमी, की वाट अरुंद?

वरच्या मजल्यावर नळाला पाणी बारीक येते, ही वसई-विरारच्या इमारतींमध्ये बाराही महिने ऐकू येणारी तक्रार आहे. एप्रिल-मे उजाडला की तिला दुसरीची जोड मिळते : फ्रिज गार करत नाही. दोन्हींवरचे उपायही ठरलेले असतात. पहिलीवर पंप, दुसरीवर ‘गॅस भरून घेणे’. दोन्ही उपाय खर्चिक आहेत आणि पुष्कळदा दुखणे एकीकडे, औषध दुसरीकडे असा प्रकार होतो.

वास्तविक दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. पाणी वाहते ते दाबातील फरकामुळे, उष्णता वाहते ती तापमानातील फरकामुळे. वाहणे मंदावले तर हा फरक तरी कमी झालेला असतो, नाहीतर वाटेतला अडथळा वाढलेला असतो. विभवांतर आणि रोध यांचेच हे नाते. दहावीच्या वर्गाला ते नवे नाही. (नळातले खळाळते पाणी ओहमचा नियम तंतोतंत पाळत नाही, हे मात्र सांगून ठेवावे.) दुरुस्तीपूर्वी या दोहोंपैकी काय बिघडले आहे ते ठरवले पाहिजे.

प्रथम पाणी. सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी शहरात येते ते ठरावीक वेळी. ते इमारतीच्या तळटाकीत साठते, पंपाने गच्चीवर चढते आणि तेथून स्वतःच्या वजनाने घरोघर उतरते. म्हणजे घरातल्या नळाचा दाब महानगरपालिका ठरवत नाही, गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी ठरवते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोग्रॅम. तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत घेऊ. टाकीतली पातळी गच्चीपासून अडीच मीटर उंच, मजल्याची उंची तीन मीटर आणि शॉवर फरशीपासून दोन मीटरवर असेल, तर सर्वांत वरच्या घरातील शॉवरवर साडेतीन मीटर पाणी उभे असते, तळमजल्यावरच्या शॉवरवर साडेबारा मीटर. दाब साडेतीनपट, तरी प्रवाह जेमतेम दुप्पट. कारण प्रवाह साधारणपणे दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा वर आणि खाली दुपटीचा फरक असेल तर काही बिघडलेले नाही. टाकीचा चौथरा उंच करणे हाच त्यावरचा उपाय. फरक चौपट-पाचपट असेल तर मात्र शोध घ्यावा.

या शोधासाठी गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी पुरते. तिचे एक टोक वरच्या घरातील नळाला घट्ट बसवावे, दुसरे दोरीने गच्चीवर ओढून टाकीच्याही वर धरावे. त्या लाइनवरचे बाकी सर्व नळ बंद करून हा नळ उघडावा. नळीत पाणी टाकीच्या पातळीपर्यंत चढून थांबले, तर दाब पुरेपूर आहे. पाइप गंजाने निम्मा बुजला असला तरी पाणी तेवढेच चढेल, कारण पाणी थांबलेले असताना घर्षणाने दाब खर्चच होत नाही. विद्यार्थ्यांना या निकालाचे नवल वाटते आणि ते वाटू द्यावे. आता नळी काढून एक लिटरची बाटली भरायला लागणारा वेळ मोजावा. दाब पूर्ण आणि धार बारीक, तर वाट अरुंद झाली आहे : अर्धवट फिरवलेला व्हॉल्व्ह, शॉवरची बुजलेली जाळी किंवा जुन्या लोखंडी पाइपातला गंज आणि क्षार. किनाऱ्याकडच्या मचूळ विहिरींचे किंवा जड बोअरचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत ही शक्यता आधी तपासावी. पंधरा मिलिमीटर व्यासाचा पाइप आतून दहावर आला, तर त्याच दाबाला त्यातून सुमारे एकतृतीयांशच पाणी जाते.

याउलट नळीतले पाणी टाकीच्या पातळीपर्यंत चढलेच नाही, तर बहुधा वाटेत हवा अडकली आहे. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की गच्चीवरच्या चढउताराच्या पाइपात हवा कोंडते. उतरत्या भागात जितकी उंची हवेने व्यापली तितकी उंची दाबातून वजा होते. टाकीच्या मुखाशी, पाण्याच्या पातळीहून उंच अशी उघडी उभी नळी बसवली की ही हवा निघून जाते.

पंपाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. टाकीनंतर बसवलेला पंप हा घराचा प्रश्न आहे. पालिकेच्या जलवाहिनीलाच जोडलेला पंप सगळ्या गल्लीचा. तो शेजाऱ्यांचे पाणी ओढतो, शिवाय वाहिनीतला दाब वातावरणाच्या दाबाखाली नेऊ शकतो. तसे झाले की गळक्या सांध्यांतून पाणी बाहेर येण्याऐवजी बाहेरचे आत शिरते. शेजारून गटार जात असेल तर काविळीला आणि जुलाबांना दार उघडे झाले.

आता फ्रिज. येथे उष्णतेला दोन टप्पे ओलांडायचे असतात : अन्नातून आतल्या थंड नळ्यांकडे, आणि कॉम्प्रेसरने दाबून तापवलेल्या वायूतून खोलीच्या हवेत. खोली ३५ अंशांवर असेल तर बाहेरच्या नळ्या साधारण ५० अंशांपर्यंत तापाव्या लागतात. फ्रिज भिंतीला चिकटवला की मागची हवा कोंडून तापते, फरक घटतो आणि कॉम्प्रेसर अखंड चालत राहतो. नव्या फ्रिजमध्ये या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. तेव्हा बाजू कोमट लागणे हा बिघाड नव्हे.

आतला अडथळा म्हणजे बर्फ. वसईच्या पावसाळी हवेत, ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला, घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ४ अंशांच्या हवेत जेमतेम साडेसहा मावते. दोनशे लिटरच्या फ्रिजमधील हवा दार उघडताना पूर्ण बदलली, तर दर वेळी साडेतीन ग्रॅम पाणी आत सांडते. साध्या फ्रिजमध्ये त्याचे हिम होते, आणि भुसभुशीत हिम ॲल्युमिनियमच्या मानाने हजारपटीने वाईट उष्णतावाहक आहे. दाराचे रबर सैल असेल तर हे दिवसभर चालते. दारात कागदाची पट्टी धरून ओढावी. ती सहज निसटली तर दोष तेथे आहे.

मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवलेल्या पेलाभर पाण्याचे तापमान सकाळी ३ ते ५ अंश भरले, तर काळजीचे कारण नाही. ते बरेच अधिक असून कॉम्प्रेसर घुमतो आहे, तरीही बाहेरच्या नळ्या गारच आहेत, असे दिसले तरच वायू गळाल्याची किंवा केशनळी बुजल्याची शंका घ्यावी. ते काम जाणत्या कारागिराचेच. आजच्या पुष्कळ फ्रिजमधील आयसोब्युटेन हा पेटणारा वायू आहे. ज्या घरात सुरीने बर्फ खरवडतात, तेथे बर्फामागच्या पातळ ॲल्युमिनियमला भोक पडून तो निसटलेला असणे अगदी संभवते.