फ्रेट घासायला बीम कसा निवडायचा?

गिटारची तार एकाच जागी खरखरली की पुढचा फ्रेट उंच असण्याची शक्यता मोठी. तो घासायचा सरळ बीमवर पॉलिश पेपर चिकटवून. बीमच वाकडा असेल तर चांगले फ्रेटही जातात, आणि घासलेला फ्रेट काही परत वाढत नाही!

२५.५ इंची स्केल, २२ फ्रेट असतील तर फिंगरबोर्ड १८ इंचांच्या आसपास भरतो. बीम तेवढा हवा. कोल्हापूरकरांची इथं चैन आहे. शिरोली एमआयडीसीत स्टीलचा बार सरफेस ग्राइंडिंगला द्या. पण जाडच घ्या हं. पातळ पट्टी मशीनचं चुंबक ओढून सपाट धरतं, सुटली की पुन्हा वाकडी. ताब्यात घेताना सरफेस प्लेटवर ब्लू लावून बघा, डाग या टोकापासून त्या टोकापर्यंत उठले पाहिजेत. आणि घासण्याआधी ट्रस रॉडनं नेक सरळ करून घ्या.