रंगातून वास्तू घडवणारे ब्रूनो टाउट
ब्रूनो टाउट (१८८०–१९३८) या जर्मन वास्तुकाराचे नाव प्रथम गाजले ते १९१४ मध्ये कोलोन येथील प्रदर्शनात उभारलेल्या काचमंडपामुळे. रंगीत काचेतून झिरपणारा प्रकाश माणसाचे मन उन्नत करू शकतो, अशी त्यांची श्रद्धा होती. मात्र त्यांचे खरे मोठेपण बर्लिनमधील सामान्यांच्या घरांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर या शहरात घरांची तीव्र टंचाई होती आणि अंधाऱ्या, कोंदट चौकांभोवती रचलेल्या भाड्याच्या इमारतींत कामगार कुटुंबे दाटीने राहत होती. कामगार संघटनांच्या पाठबळावर चालणाऱ्या ‘गेहाग’ या गृहनिर्माण संस्थेसाठी टाउट यांनी हजारो सदनिकांचे आराखडे केले. मार्टिन वाग्नर यांच्यासह १९२५ पासून ब्रिट्झ येथे उभारलेल्या वसाहतीत घोड्याच्या नालेसारखी वळलेली सलग इमारत एका तळ्याला कवेत घेते, आणि तिच्या आतल्या बाजूस सज्जे व बागा असल्यामुळे प्रत्येक घराला उजेड आणि हिरवळ लाभते. मर्यादित खर्चात नक्षीकाम शक्य नव्हते. म्हणून त्यांनी निळा, तांबडा, पिवळा असे ठसठशीत रंग भिंतींना आणि दारांना देऊन एकसारख्या घरांना वेगळेपण दिले. गरिबाच्या घरालाही सौंदर्याचा हक्क आहे, हा विचार येथे प्रत्यक्ष उतरला. २००८ मध्ये ही वसाहत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली.

नाझी सत्तेवर येताच १९३३ मध्ये टाउट यांना देश सोडावा लागला. जपानमध्ये त्यांनी क्योटोच्या कात्सुरा प्रासादाविषयी आस्थेने लिहिले. पुढे तुर्कस्तानात अध्यापन करीत असताना इस्तंबूल येथे त्यांचे निधन झाले.