खाऊचे पैसे आणि खर्ची



गेल्या वर्षी दिवाळीआधी विंझर परिसरातील कातकरी वाडीवरच्या आमच्या अभ्यासवर्गात पाचवीपासून पुढच्या मुलांना दर शनिवारी वीस रुपये द्यायला आम्ही सुरुवात केली. पहिल्याच शनिवारी सातवीतल्या एका मुलाने नोट उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "ताई, हे कधी कापणार?"

हा प्रश्न कळायला वीटभट्टीचा व्यवहार ठाऊक हवा. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा कुटुंब भट्टीमालकाकडून उचल घेते. दिवाळीनंतर भट्टीवर गेले की मजुरी हजार विटांमागे ठरते, पण ती हातात पडत नाही. आठवड्याला किराण्यापुरती 'खर्ची' मिळते. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो आणि मजुरीतून उचल व खर्ची वजा होते. वही मालकाची, आकडेही त्याचेच. बाकी निघाली तर ती पुढच्या हंगामावर जाते आणि कुटुंबालाही तिच्यामागे जावे लागते. कर्जापोटी माणसाला असे बांधून ठेवणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. पण हिशोबच हाती नसेल तर तक्रार कशाच्या आधारावर करायची?

त्या मुलाला आठवड्याचा पैसा म्हणजे कर्ज, एवढेच माहीत होते. हे वीस रुपये कापले जाणार नाहीत, हे त्याला पटायला महिना लागला.

दानाचे पैसे मुलांच्या हातात का द्यायचे, असे आपल्यापैकी काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पहिले काही आठवडे बहुतेक पैसे कुरकुऱ्यांवर गेले, हे मी लपवत नाही. आम्ही रागावलो नाही. अट एकच ठेवली : खर्च काहीही करा, पण वहीत लिहा. आणि पैसे मध्येच संपले तर शनिवारपर्यंत थांबा, आगाऊ मिळणार नाहीत. ही दुसरी गोष्ट पाळणे मलाच जड गेले. एक लहान मुलगी पेन्सिलीसाठी रडत आली तेव्हा मी पेन्सिल दिली, पैसे दिले नाहीत. बरोबर केले की नाही, अजून ठरवता आलेले नाही. चांगल्या गुणांसाठी किंवा प्रार्थनेला आल्याबद्दल मात्र एक रुपयाही द्यायचा नाही, हे पक्के आहे.

एकीच्या आजीने औषधासाठी नातीचे साठ रुपये घेतले. नातीने लिहिले, 'आजी, साठ बाकी.' मला ते खटकले. घरच्या माणसाची उधारी मांडायची का? पण करवंदे विकून आजीने पैसे परत केले, आणि वहीतली ती ओळ नातीने तिच्यासमोर खोडली. खोडलेली बाकी त्या घराने बहुधा प्रथमच पाहिली असावी.

ही सवय लहानपणीच लागलेली बरी. 2018 मध्ये शासनाने आदिवासी वसतिगृहांतील खानावळीऐवजी जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात देण्याचे ठरवले, तेव्हा विद्यार्थी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्यांची मागणी मला योग्य वाटते. पण उद्या आपली मुले शहरात शिकायला जातील, तेव्हा महिन्याभराचा पैसा त्यांना सांभाळावा लागणारच. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला टपाल कार्यालयातले बचत खाते स्वतः चालवता येते. ते उघडायला पाचशे रुपये लागतात. तिघांचे तेवढे जमले आहेत.

आणि तो सातवीतला मुलगा? आईवडील भट्टीवर असताना तो दर रविवारी फोनवर खर्चीचा आकडा विचारून घेई आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवी. हिशोबाच्या दिवशी तो वही घेऊन वडिलांजवळ बसला. दोन आठवड्यांचे आकडे जुळले नाहीत. मालकाने एक दुरुस्त केला, दुसरा नाही. बाकी निघालीच, पण कमी निघाली.

या दिवाळीनंतर ते कुटुंब पुन्हा भट्टीवर गेले आहे. यंदा वडिलांनी एक वही स्वतःसाठी मागून नेली.